बिबट्या, कायदा आणि आपण: मुंबईत जंगलाला खेटून राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवली, मालाड, गोरेगाव, पवई, भांडुप, मुलुंड, पलीकडे ठाण्याचं येऊर आणि घोडबंदर रोड. या सगळ्यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्याला लागून आरे ही दूध वसाहत. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात इथे ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. पाड्यांवर, तबेल्यांत आणि सोसायट्यांच्या सभांत येणारे प्रश्न खाली आहेत, जसे येतात तसेच. जिथे आमचं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

बिबट्याबद्दल महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

मूळ कायदा केंद्राचा आहे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. वनं आणि वन्यजीव हे विषय पूर्वी राज्यांकडे होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत गेले. त्यामुळे बिबट्या पकडावा की नाही, मारावा की नाही, याचे निकष दिल्लीत ठरलेले आहेत. अंमलबजावणी मात्र राज्याची. त्या कायद्याखालचा सगळ्यात मोठा अधिकारी म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक राज्य सरकारच नेमतं आणि तो बसतो नागपूरला. भरपाई किती, ती कशी द्यायची, हेही राज्यच ठरवतं. थोडक्यात, बिबट्याला हात लावण्याचे नियम केंद्राचे, आणि बिबट्याने आपल्याला हात लावला तर पुढचे नियम राज्याचे.

आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. पिंजरा लावायचा अर्ज कुठे करायचा?

अर्ज कुठेही करा, पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लागत नाही. वनविभाग चालढकल करतो म्हणून नव्हे. कायद्यातच तशी तरतूद नाही.

बिबट्या या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणं तर आलंच. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकारणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे वनविभागाने शेळी बांधून लावलेला पिंजरा हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार, आणि तिला परवानगी लागते. ती परवानगी कलम ११ खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, तीही लेखी आणि कारणं नमूद करून. कारणं दोनच चालतात: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, किंवा तो इतका जखमी वा आजारी आहे की बरा होणार नाही.

हे कलम नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. खालच्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी ‘मालमत्तेला धोका’ हेही कारण चालतं, उभी पिकं त्यात धरली आहेत. अनुसूची १ साठी ते गाळलेलं आहे. शेळी नेली, कुत्रा नेला, वॉचमन घाबरला, मुलांना खाली खेळायला पाठवत नाही, यातलं एकही कारण बिबट्या पकडायला पुरत नाही. भिंतीवरून पलीकडे गेलेला बिबट्या तर कायद्याच्या नजरेत काहीच चुकीचं करत नाही.

नगरसेवकांचं, आमदारांचं पत्र जोडलं तर?

पत्राने गस्त वाढते, जनजागृतीची बैठक लागते, कधी झाडांवर ट्रॅप कॅमेरे लागतात. पिंजऱ्याचा आदेश पत्रावर निघत नाही.

मग हल्ला झाल्यावर तरी लगेच पिंजरा का लागत नाही?

लागतो, पण आधी हल्ला कुणी केला ते शोधावं लागतं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन बिबट्यांचे जुळत नाहीत. म्हणून घटनास्थळाभोवती कॅमेरे लावून तिथे कोण फिरतंय ते पाहतात आणि जुन्या फोटोंशी ताडतात. पिंजऱ्यातली शेळी तर कुठल्याही भुकेल्या बिबट्याला बोलावते. आरेसारख्या ठिकाणी एकाच वाटेने वेगवेगळ्या रात्री वेगवेगळे बिबटे जातात. घाई केली की निरपराध मादी अडकते, तिची पिल्लं मागे राहतात आणि ज्याने हल्ला केला तो मोकळाच. लोकांना ‘एक पकडला’ म्हणून हायसं वाटतं आणि आठ दिवसांनी पुन्हा घटना घडते. आमच्या मते ओळख न पटवता लावलेला पिंजरा हल्ल्यापेक्षा कमी धोक्याचा नाही. त्याने लोकांची सावधगिरी सुटते.

पकडून लांब कुठेतरी घाटात सोडून द्या ना!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याला तो इतका सोपा वाटतो की उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. तरी सांगतो.

हा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. जुन्नर परिसरात २००१ पासून उसाच्या पट्ट्यातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून आसपासच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी, म्हणजे १९९३ ते २००१ या काळात, तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडायला सुरुवात केल्यावर ते वर्षाला सरासरी १७ वर गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. कारण समजण्यासारखं आहे. बिबट्याला आपला इलाखा पाठ असतो: पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं कधी झोपतात, कुठल्या भिंतीला खिंडार आहे. त्याला अनोळखी जागी सोडलं की तो बावचळतो, तिथल्या जुन्या बिबट्यांशी भांडतो, परतीची वाट धरतो, आणि त्या वाटेवर गावं लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा भरायला दुसरा येतो, बहुतेकदा तरुण आणि अननुभवी.

‘आजोबा’ हे नाव दिलेला नर आठवत असेल. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला सापडला, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तिथून शंभरावर किलोमीटर चालत, महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि खाडी ओलांडत तो आपल्याच उद्यानाच्या परिसरात येऊन पोचला. वाटेत माणसाला त्याने इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने गेला.

मुंबईने २००४ चा जूनही पाहिला आहे. उद्यानाच्या भोवती एकामागून एक बळी गेले, पिंजऱ्यांवर पिंजरे लागले. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या आणि माणूस यांच्यातल्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असं उचलून दुसरीकडे सोडणं टाळावं असं म्हटलं आहे. त्याच सुमारास मुंबईत वनविभागाने संशोधक, पत्रकार आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन पाडे आणि सोसायट्यांत बोलायला सुरुवात केली.

गोळी घालण्याचा आदेश कधी निघतो?

पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे नेणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली तरच. ही अट कलम ११ मध्येच आहे. पकडलेल्या प्राण्याला जन्मभर कोंडायचं तर तो पुन्हा जंगलात सोडण्याजोगा नाही हे कारण लिहून द्यावं लागतं. बोरिवलीच्या उद्यानातल्या किंवा जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातले बिबटे तिथे कसे आले, त्याचं उत्तर बहुधा या ओळीत असतं.

महाराष्ट्रात असे आदेश निघालेले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची टी-१, म्हणजे अवनी वाघीण, नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्याआधी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि न्यायालयाने आदेशात हात घातला नाही. वाघांसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती वेगळी असते. मुंबईत मोकळे वाघ नाहीत, उद्यानाच्या सफारीतले जाळीच्या आत, तेव्हा तो प्रश्न इथे नको.

अंगावरच आला तर? काठी मारली तर गुन्हा का?

नाही. कलम ११ च्या उपकलम २ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्‌हेतूने, वन्यप्राणी जखमी झाला वा मेला तरी तो गुन्हा नाही. अट एवढीच की तेव्हा तुम्ही स्वतः या कायद्याखालचा गुन्हा करत नसावेत. डुकराला फासा लावायला जंगलात शिरलात आणि बिबट्याशी गाठ पडली तर ही ढाल उपयोगाची नाही. २०२१ मध्ये आरेत एका बाईंनी हातातल्या काठीने बिबट्याला परतवून लावलं, ते सीसीटीव्हीचं दृश्य साऱ्यांनी पाहिलं. त्यांनी जे केलं ते कायद्याने त्यांचा हक्क होता.

मेलेला प्राणी मात्र सरकारी मालमत्ता. नख, मिशी, कातडं यातलं काहीही ठेवायचं नाही.

कुंपणात करंट सोडला, फासा लावला, मटणात औषध घातलं तर?

अनुसूची १ च्या प्राण्याची शिकार: किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं तुरुंगवास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. फासा डुकरासाठी होता हा बचाव चालत नाही. फाशात बिबटेही अडकतात, आणि तारेत अडकलेला बिबट्या पाड्याच्या वाटेवर असतो तेव्हा पहाटे कामाला निघालेल्या माणसाइतका असहाय कुणी नसतो.

शेळी किंवा म्हैस मेली. भरपाईसाठी काय करायचं?

पहिलं म्हणजे जनावर हलवायचं नाही. तबेल्यात दुर्गंधीच्या भीतीने मालक लगेच टेम्पो बोलावतात आणि मग पुरावाच जातो. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा. तिथल्या तिथे वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केलात तर उत्तम, नोंद राहते.

मग पंचनामा. वनरक्षक येतो, जनावराची मान वळवून गळ्याचे केस बाजूला सारतो. बिबट्याने धरलं असेल तर गळ्याखाली सुळ्यांची खोल भोकं असतात, तो टेपने त्यांतलं अंतर मोजतो. कुत्र्यांच्या टोळक्याने मारलेली शेळी वेगळीच दिसते: मागचे पाय, पोट आणि शेपटीकडचा भाग फाटलेला, चावे विखुरलेले. मग ओढत नेल्याची खूण, ओल्या मातीतले ठसे, फोटो. पशुवैद्यकाचा दाखला लागतो. बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांनी, पण कमाल मर्यादेपर्यंतच रक्कम मिळते. मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा शासन निर्णय परिक्षेत्र कार्यालयात मागून बघा. दुभत्या म्हशीचा खरा भाव आणि सरकारी मर्यादा यांत फरक राहतो हे तबेलेवाल्यांचं गाऱ्हाणं रास्त आहे.

कुत्रा नेला तर?

पाळीव कुत्रा या भरपाईत बसत नाही. रात्री घरात घ्या. व्हरांड्यात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे आमंत्रण.

माणूस जखमी झाला किंवा दगावला तर राज्य सरकार काय देतं?

मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये. रक्कम एकदम हातात येत नाही: काही भाग लगेच मिळतो आणि बाकीचा वारसांच्या नावे मुदत ठेवीत जातो. कायमचं अपंगत्व, गंभीर जखम आणि किरकोळ जखम यांसाठी वेगवेगळे टप्पे आहेत. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या भरपाईला स्वतंत्र कायद्याचा आधार दिला आणि उशीर झाला तर व्याजाची तरतूद केली. याआधी सगळं शासन निर्णयांवर चालत होतं. कायदा झाल्याने मागणीला जोर येतो, हे विसरू नका आणि फाइल अडली तर त्याचा उल्लेख करा.

कागद: पोलिसांचा पंचनामा, वनविभागाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा सरकारी डॉक्टरांचा दाखला, वारसाचा पुरावा, बँक खातं. जखम लहान असली तरी साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस घ्या आणि केसपेपर जपून ठेवा. पुढे उपचाराचा खर्च मागताना तोच लागतो.

आम्ही पाड्यावर राहतो, घराचे कागद नाहीत. फोन केला तर आम्हालाच उठवतील?

ही भीती हवेतली नाही. उद्यानातल्या वस्त्यांवर १९९५ च्या जनहित याचिकेनंतर उच्च न्यायालयाचे आदेश झाले, हजारो झोपड्या पडल्या, काही कुटुंबं चांदिवलीला गेली. त्या आठवणी पाड्यांवर अजून ताज्या आहेत.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हल्ल्याची भरपाई घराच्या मालकीवर अवलंबून नाही. इजा वन्यप्राण्याने केली एवढं सिद्ध व्हावं लागतं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात म्हटलं आहे की दाव्याची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वनवासी अनुसूचित जमातींना वनजमिनीवरून काढता येत नाही. दावा टाकलेला असेल तर त्याची पोच हाताशी ठेवा.

पाड्यांवरचा मोठा धोका मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही. घरात संडास नाही म्हणून अंधारात झुडपाशी बसावं लागतं, आणि बसलेला माणूस बिबट्याला त्याच्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीचा दिसतो. वाटेवर दिवा नाही, सांजवेळी लहान मूल अंगणात एकटं. २०२२ च्या दिवाळीत आरेत एक तान्ही मुलगी गेली तेव्हा सगळीकडे पिंजऱ्याची चर्चा झाली, दिव्याच्या खांबाची फारच थोडी. संडास, वीज आणि वाटा ही महापालिकेची, आरे प्रशासनाची, राज्याची जबाबदारी आहे. ‘जमीन कुणाची’ या वादात ती वर्षानुवर्षं लोंबकळते. वारली माणसं वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि रात्री घोळक्याने चालतात. दोन्ही गोष्टी त्यांना कुठल्या मार्गदर्शक सूचनेने शिकवल्या नाहीत.

सोसायटीने नेमकं काय करायचं?

कचरा. खरं तर इथेच थांबलो तरी चालेल. मागच्या गेटबाहेर रात्री नऊला ठेवलेली काळी पिशवी, ती फाडणारी सहा-सात कुत्री, विखुरलेली कोंबडीची हाडं, आणि साडेअकराला कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला बिबट्या. उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. हॉटेलं, मटणाची दुकानं आणि आपण मिळून ही खानावळ चालवतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांखाली ओला कचरा वेगळा करणं हे सोसायटीचं काम आहे. महापालिकेने उचलला नाही तर तक्रारीचा क्रमांक घ्या.

कुत्र्यांना मारणं वा लांब सोडणं बेकायदा आहे. निर्बीजीकरण करून घ्या आणि भिंतीलगत खाणं टाकू नका. झुडपं छाटा, मागच्या बाजूला दिवे लावा. उद्यानाभोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालं. त्या पट्ट्यात भिंत वाढवायची किंवा बांधकाम करायचं तर आधी परवानगी बघा.

बिबट्या इमारतीत शिरला तर?

२०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यात एक बिबट्या मॉलमध्ये आणि मग जवळच्या हॉटेलच्या तळघरात शिरला. त्याला भूल देऊन सुखरूप बाहेर काढलं. अशा वेळी भूल देणं हे काम सोपं नसतं: औषध लागल्यावर प्राणी काही मिनिटं पळतो, आणि बाहेर पाचशे माणसं मोबाइल उंचावून उभी असतील तर तो त्यांच्याकडेच पळतो. म्हणून गर्दी हटवणं हे पोलिसांचं काम आहे आणि जमावबंदीचा आदेश काढता येतो. पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. तुम्ही दार लावा, लिफ्ट बंद करा, त्याला निघायची एक वाट मोकळी ठेवा.

ग्रुपवर आलेला व्हिडिओ पुढे पाठवला तर काही होतं का?

दुसऱ्या राज्यातला, तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ ‘आत्ता आपल्या गल्लीत’ म्हणून फिरवला तर अफवा पसरवल्याचा गुन्हा लागू शकतो. खरा असेल तर ग्रुपऐवजी आधी वनविभागाला द्या. आणि व्हिडिओसाठी मांस टाकून बिबट्याला बोलावणं म्हणजे आमिष दाखवणं, म्हणजेच शिकार.

नसबंदी का करत नाहीत?

राज्य एकट्याने करू शकत नाही. अनुसूची १ च्या प्राण्याला वैज्ञानिक व्यवस्थापनासाठी पकडायचं तरी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. जुन्नर-शिरूर पट्ट्यातल्या हल्ल्यांनंतर राज्याने हा विषय केंद्राकडे नेला तो म्हणूनच. आमचं मत: उसातली समस्या आणि बोरिवलीतली समस्या एक नाही. इथे मोकळा कचरा तसाच ठेवून बिबट्यांची संख्या कमी करण्यात हशील नाही.

१९२६ वर फोन लावला. काय सांगू?

जागा नेमकी सांगा: पाड्याचं किंवा सोसायटीचं नाव, जवळचा बस थांबा किंवा युनिट क्रमांक. वेळ. दिसला, की ठसे दिसले, की कुणी सांगितलं? एक होता की सोबत पिल्लं? चालत गेला, लंगडत होता, की एका जागी बसून आहे? जवळ माणसं किती जमली आहेत? कुणी जखमी असेल तर आधी १०८ आणि ११२, मग १९२६. फोन घेणाऱ्याचं नाव आणि तक्रारीची वेळ लिहून ठेवा, आणि पथक येईपर्यंत एकच माणूस बोलत राहील असं ठरवा. एकाच बिबट्यासाठी एका इमारतीतून वीस फोन गेले की तिकडे वाटतं बिबटे वीस आहेत.